ल्युली, रामो आणि नाचणारं नाटक : व्हर्सायच्या ऑपेरागृहातली एक संध्याकाळ

रानजाई

या संवादस्थळावरच्या पाश्चात्त्य संगीताच्या धाग्यांवर बाख, मोझार्ट, व्हेर्दी यांच्यावर भरपूर लिहून झालंय. सतराव्या-अठराव्या शतकातल्या फ्रेंच ऑपेराचा विषय निघाला की मात्र एकच शेरा येतो, "लक्षात राहील असं गाणं त्यात सापडत नाही." मला या शेऱ्याशी मनापासून भांडायचं आहे. गेल्या आठवड्यात व्हर्सायच्या राजवाड्यातल्या ऑपेरागृहात जे पाहिलं, त्याने भांडायला बळही आलंय.

कार्यक्रम दोन भागांचा होता. आधी ल्युली या संगीतकाराच्या 'आर्मीद' या ऑपेरातला दुसरा आणि पाचवा अंक, मध्यंतरानंतर त्याच्या पुढच्या पिढीतल्या रामोच्या 'लेझँद गालाँत' या ऑपेरातला शेवटचा प्रवेश. जुन्या पद्धतीची वाद्यं, सोबत जुना फ्रेंच नाच शिकलेली नर्तकमंडळी.

ओळख थोडक्यात करून देते. ल्युली जन्माने फ्लॉरेन्सचा, १६३२ सालचा. पोरवयात फ्रान्सला आला, उत्तम नाचायचा, व्हायोलिन वाजवायचा. १६५३ मध्ये पॅरिसच्या पेती-बूरबाँ सभागृहात रात्रीवरचा एक मोठा दरबारी बॅले झाला. त्याच्या शेवटी चौदा वर्षांचा चौदावा लुई स्वतः उगवत्या सूर्याचं सोंग घेऊन नाचला. सरदारांचं बंड नुकतंच मोडलं होतं आणि तो नाच पाहायला तेच सरदार समोर बसले होते. त्या बॅलेत ल्युलीही होता, आणि काही आठवड्यांतच राजाने त्याला दरबारी संगीतकार नेमलं. पुढे १६७२ मध्ये फ्रान्समध्ये ऑपेरा करण्याचा एकाधिकारच त्याने मिळवला. म्हणजे या कलेच्या मुळाशी नाच आहे. गाणं नंतर येऊन त्याला मिळालं, आणि नाचाने आपली जागा कधीच सोडली नाही.

आता 'आर्मीद'. १६८६ सालचं हे नाटक, शब्द फिलिप किनोचे. पहिल्या धर्मयुद्धाच्या काळातली गोष्ट. दमास्कसची जादूगार राजकन्या आर्मीद, आणि तिला न जुमानणारा एकच योद्धा, रनो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तो तिच्या मायेने झोपलाय, ती खंजीर घेऊन उभी आहे, आणि हात उचलत नाही. तो प्रवेश म्हणजे एक लांब स्वगत. त्यात सुरांची आतषबाजी नाही. वाक्य जिथे अडखळतं तिथे संगीत थांबतं, मात्रा बदलतात, पुन्हा सुरू होतं. "मारू या", एक पाऊल, "काय होतंय मला?", पुन्हा थांबणं. गायिकेचा आवाज मोठा नव्हता, पण प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता.

पण ज्यासाठी हा धागा काढला ते पाचव्या अंकात आहे. रनो आता आर्मीदच्या प्रेमात आहे. हे प्रेम जादूचं आहे हे तिला ठाऊक आहे, म्हणून ती घाबरलीय. पाताळातल्या शक्तींचा सल्ला घ्यायला ती निघते, आणि जाताना आपल्या मायावी सुखांना सांगते, मी येईपर्यंत याला रमवा. तिथे पासाकाय सुरू होतं. खर्जात तीन-तीन मात्रांच्या चार घरांची एक उतरती ओळ, तीच पुन्हा पुन्हा, आणि तिच्यावर दर वेळी नवं काहीतरी. कधी सगळे व्हायोलिन, कधी फक्त बासऱ्या, मग एकटा आवाज, मग समूह. नर्तक एकेक, दोनदोन करत येतात, जातात. नायिका रंगमंचावर नाही, नायक गप्प बसलाय, कथा एक पाऊलही पुढे जात नाही. आणि तरी त्या संध्याकाळचा सगळ्यात जीवघेणा भाग तोच होता. सुख इतकं नीटनेटकं, इतकं अखंड चाललेलं असतं की हे टिकणार नाही हे प्रेक्षकाला पोटातून कळतं. नाच संपल्यावर रनो त्या सगळ्यांना दूर जायला सांगतो. त्याचे सोबती ढाल घेऊन येतात, माया उतरते, तो निघून जातो. शेवटी आर्मीद स्वतःच्या राक्षसांकडून स्वतःचा महाल पाडून घेते.

हा नाच ध्वनिमुद्रणात ऐकला तर लांबलेला वाटतो. डोळ्यांसमोर पाहिला की कळतं, नाटक त्याच्याच आत घडतंय. फ्रेंचांनी ऑपेरा गाण्यासाठी लिहिला आणि मध्ये नाच भरला, ही समजूतच चुकीची आहे. नाच काढला की यातलं नाटक उरत नाही. माझं म्हणणं एवढंच.

रामोबद्दल प्रतिसादात लिहिते.

काळी_पाच

रानजाई, वर्णन सुंदर आहे, पण मला पटलं नाही. मी पुच्चिनी-व्हेर्दीवर वाढलेला माणूस. गायकाने श्वास भरून एक ओळ उचलावी आणि सभागृह थरारावं, ही माझी ऑपेराकडून अपेक्षा. फ्रेंच स्वगतांत सूर कुठे पोचतच नाही. रूसोनेही १७५३ मध्ये हेच म्हटलं होतं ना? तुम्ही जे 'आर्मीद'चं स्वगत सांगताय, नेमकं तेच घेऊन त्याने लिहिलं की यात नायिकेच्या मनातली उलथापालथ संगीतात उतरतच नाही. तो जन्माने जिनीव्हाचा असला तरी फ्रेंचमध्येच लिहीत होता, स्वतः संगीत रचत होता.

रानजाई

काळी_पाच, रूसो आणलात ते बरं झालं. १७५२ मध्ये पॅरिसला एक इटालियन मंडळी आली, पेर्गोलेसीचं 'दासी झाली मालकीण' या कथेचं छोटं विनोदी नाटक गाजलं आणि शहर दोन तटांत वाटलं गेलं. रूसोचं पत्र त्या भांडणातलं आहे. त्याला उत्तर कोणी दिलं तर रामोने. १७५४ मध्ये त्याने त्याच स्वगताची ओळ न् ओळ घेऊन दाखवलं की आर्मीदचं मन जिथे वळतं तिथे खालची स्वरसंगती वळते. रूसो वरचा सूर ऐकत होता, रामो खालचा खर्ज. गंमत अशी की रामोच्या पहिल्या ऑपेराला विरोध ल्युलीच्या भक्तांनीच केला होता, आणि वीस वर्षांनी ल्युलीची बाजू तोच लढला. मला त्याचं हे वागणं फार मोठं वाटतं.

दुसरं, ल्युलीचं गद्याजवळचं गाणं हे त्या काळच्या नाट्यगृहातल्या नटांच्या बोलण्यावर बेतलेलं आहे. राजाच्या माणसांना वाक्य ऐकायचं होतं. सभागृहातले दिवे विझवत नसत, लोक हातात संहितेची पुस्तिका धरून, मेणबत्तीच्या उजेडात वाचत ऐकत. पुच्चिनीची फूटपट्टी इथे चालणार नाही.

लयवेल्हाळ

तबला वाजवतो, पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास थोडाफार. या संगीतात मला पकडून ठेवलं ते लयीने. कागदावर समान लांबीचे स्वर लिहिलेले असतात, पण वाजवताना पहिला थोडा लांब, दुसरा आखूड करायचा. किती, ते ठरवलेलं नाही, ते नाचाच्या जातीवर आणि वाजवणाऱ्याच्या समजेवर. आपल्याकडे ज्याला झोल म्हणतात तो इथे शास्त्रोक्त आहे! गावोत, मिन्युए, साराबांद, शाकोन, प्रत्येकाची चाल वेगळी आणि पावलं माहीत नसतील तर लय चुकते. मी ज्या कार्यशाळेत बसलो होतो तिथे वादकांना आधी नाचायला लावलं होतं. त्यानंतर तोच मिन्युए निराळाच वाजला.

अजून एक. त्यांचा पायाभूत सूर खाली असायचा. आज 'ला' हा स्वर ४४० हर्ट्झचा धरतात, फ्रेंच ऑपेरासाठी बहुतेक मंडळी ३९२ धरतात, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक स्वर खाली. आवाज त्यामुळे मऊ, बोलण्याजवळचा राहतो. काळी_पाच यांना हवी असलेली किंकाळी तिथे येणारच नाही.

पदन्यास

रानजाई ताई, मी भरतनाट्यम् करते, पुण्यात शिकवते. हा नाच आज कसा काय शिकतात? परंपरा तर तुटली असणार. नर्तकांचं काय पाहिलंस ते सविस्तर सांग ना. हात कुठपर्यंत जातात? जमिनीशी नातं कसं आहे?

रानजाई

पदन्यास, तुझ्या प्रश्नाची वाट पाहत होते.

परंपरा तुटली हे खरं, पण कागद राहिले. राजाने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी काढली. बोशाँ हा त्याचा नृत्यगुरू, पायांच्या पाच मूळ स्थिती त्याच्या नावावर आहेत. १७०० मध्ये फयए नावाच्या नृत्यगुरूने नाच लिहिण्याची पद्धत छापून प्रसिद्ध केली. पानाच्या वरच्या कडेला संगीताची ओळ, खाली नर्तक जमिनीवर जो मार्ग आखतो त्याची वळणदार रेघ, आणि त्या रेघेवर पावलांच्या खुणा : इथे वाकायचं, इथे उठायचं, इथे उडी. अशा रीतीने लिहिलेले तीनशेहून जास्त नाच शिल्लक आहेत. 'आर्मीद'च्या पासाकायसाठी पेकूर या नृत्यरचनाकाराने एका स्त्रीसाठी बसवलेला नाचही त्यात आहे, सुब्लिन्यी नावाच्या नर्तकीने तो इंग्लंडमध्ये केला होता. त्या संध्याकाळी तोच पाहिला.

पाऊल जमिनीपासून फार वर जात नाही, पाय हवेत फेकत नाहीत. सगळा खेळ वाकणं आणि उठणं यांचा. मात्रेच्या आधी वाकायचं आणि मात्रेवर उठायचं, त्यामुळे शरीर संगीताच्या किंचित पुढे श्वास घेताना दिसतं. हात कोपरापासून फिरतात, मनगट शेवटी. चेहरा जवळजवळ स्थिर. तुला अभिनय शोधायची सवय, पहिली दहा मिनिटं रुक्ष वाटेल. मग लक्षात येतं की भाव जमिनीवरच्या रेघेत आहे. दोघं एकमेकांकडे पाहत गोल फिरतात, अंतर बदलत नाही, आणि त्या न बदलणाऱ्या अंतरात सगळं असतं.

स्त्रियांबद्दलही सांगायला हवं. पॅरिसच्या सार्वजनिक ऑपेरात १६८१ पर्यंत स्त्रीभूमिका पुरुष नर्तकच करायचे, मुखवटे लावून. त्या वर्षी ल्युलीच्या 'प्रेमाचा विजय' या बॅलेत पहिल्यांदा व्यावसायिक नर्तकी उतरल्या, ला फोंतेन ही त्यांतली प्रमुख. पन्नास वर्षांत चित्र इतकं बदललं की मारी साले आणि कामार्गो यांच्या नावावर लोक गर्दी करू लागले. कामार्गोने घागरा आखूड केला, कारण पायांचं काम दिसायला हवं होतं. साले 'लेझँद गालाँत'मध्ये गुलाबाचं फूल होऊन नाचली, वादळाने झोडपलेलं.

पदन्यास

मात्रेआधी वाकून मात्रेवर उठणं! आमचं अरमंडीत (गुडघे वाकवून अर्ध्या बैठकीत) बसून मात्रेवर पाय आपटणं याच्या अगदी उलट. त्या नाचलिपीचं एखादं पान मुलींना दाखवून बसवून पाहणार आहे. आमच्याकडे अडवू (नाचाचे मूळ तुकडे) आणि जती (तालाचे बोल) तोंडपाठ असतात, पण जमिनीवरचा मार्ग कोणी लिहून ठेवत नाही, आणि मला ते कायम खटकत आलंय.

चिंचवृक्ष

चर्चा छान चाललीय. एक समकालीन गोष्ट नोंदवतो. 'आर्मीद' १६८६ चं. त्याच सुमारास, १६८४ पासून, तंजावरच्या गादीवर शहाजीराजे भोसले होते, व्यंकोजींचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे पुतणे. त्यांच्या दरबारात तेलुगू आणि मराठी नाटकं लिहिली जात होती, पदांनी आणि नृत्याने पुढे जाणारी. 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे त्यांपैकीच मराठी. पुढे सरफोजी दुसरे यांनी नृत्यासाठी मराठी निरूपणं रचली. या दोन दरबारांचा एकमेकांशी संबंध होता असं मी म्हणत नाही, पुरावा नाही. पण गाणं, नाच, देवांच्या कथा आणि राजाची स्तुती एकाच रात्रीत बांधणारं नाटक मराठीत त्याच वर्षांत होतं आणि आपण मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ च्या सांगलीपासून सुरू करून मोकळे होतो, याचं मला वाईट वाटतं. रानजाईंचं 'नाच काढला तर नाटक उरत नाही' हे वाक्य तंजावरलाही लागू पडेल.

आता 'लेझँद गालाँत'बद्दल. नावातल्या 'लेझँद'चा अर्थ 'इंडीज' आहे म्हणून भारत शोधायला जाऊ नका, कथा तुर्कस्तान, पेरू, इराण आणि उत्तर अमेरिका इथल्या आहेत. शेवटच्या प्रवेशाबद्दल रानजाई काय लिहितात याची वाट पाहतोय, कारण तिथे मला अडचण आहे.

रानजाई

चिंचवृक्ष काका, तंजावरचा मुद्दा माझ्या डोक्यात अजिबात नव्हता. यावर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच.

रामो. १६८३ चा, दिजोंचा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, १७२२ मध्ये स्वरसंगतीवर मोठा ग्रंथ लिहिलेला पंडित. पहिला ऑपेरा रंगमंचावर आला तेव्हा पन्नाशीचा होता. तो 'इपोलित ए आरिसी', १७३३ चा. ज्येष्ठ संगीतकार काँप्रा म्हणाला होता म्हणतात, की यात दहा ऑपेरांना पुरेल एवढं संगीत आहे. 'लेझँद गालाँत' १७३५ चं, आणि 'रानटी लोक' हा शेवटचा प्रवेश त्यात मार्च १७३६ मध्ये जोडला गेला. त्यातल्या मुख्य नाचाची चाल त्याहून जुनी. १७२५ मध्ये लुइझियाना प्रांतातून आलेल्या दोन मूलनिवासी माणसांना रामोने पॅरिसच्या एका रंगमंचावर नाचताना पाहिलं आणि त्यावरून हार्पसिकॉर्डसाठी एक तुकडा लिहिला. दहा वर्षांनी तोच इथे आला, आधी वाद्यांवर, मग गळ्यावर, मग समूहात.

कथा साधी. झीमा नावाच्या तिथल्या मुलीमागे एक स्पॅनिश आणि एक फ्रेंच अधिकारी लागलेत. ती दोघांना नाकारते : एक फारच प्रेम करतो, दुसरा फारच कमी. ती आपल्यातल्याच आदारियोला निवडते आणि शांततेच्या चिलमीचा सोहळा होतो. त्या नाचाला लोकांचे पाय जागच्या जागी हलत होते, माझेही. ल्युलीचा नाच वर उठतो, रामोचा जमीन मागतो. खर्ज इतका ठाम, आणि वरची ओळ इतकी मोठ्या उड्या घेणारी, की नर्तकाला मऊ राहणं शक्यच नाही.

चिंचवृक्ष

अडचण अशी. १७२९ मध्ये मिसिसिपीच्या काठच्या नाचेझ लोकांनी फ्रेंचांविरुद्ध उठाव केला. फ्रेंचांनी तो चिरडला आणि शेकडो कैदी कॅरिबियन बेटांवर गुलाम म्हणून विकले. १७३६ च्या वसंतात, म्हणजे पॅरिसमध्ये हा प्रवेश पहिल्यांदा झाला त्याच दिवसांत, फ्रेंच फौजा चिकासॉ लोकांवर चालून गेल्या होत्या. रंगमंचावर शांततेची चिलीम आणि तिकडे हे. संगीत श्रेष्ठ आहे, वाद नाही. पण तो नाच पाहताना हे विसरावं असं मला वाटत नाही.

रानजाई

विसरू नये, सहमत. आणि मला वाटतं नाचाच्या बाजूनेच याला उत्तर शोधलं गेलंय. २०१९ मध्ये पॅरिस ऑपेराला ३५० वर्षं झाली, तेव्हा बास्तीय ऑपेरागृहात क्लेमाँ कोजितोर या दिग्दर्शकाने हे संपूर्ण नाटक केलं. नृत्य बिंतू दाँबेले यांचं, संगीत संचालन लिओनार्दो गार्सिया अलार्कोन यांचं. त्या चिलमीच्या नाचाला त्यांनी क्रम्प करणारी मंडळी उभी केली. क्रम्प म्हणजे लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून आलेला नाच, छाती फेकणारा, रागाने भरलेला. रामोची एकही मात्रा न बदलता त्या नाचाचा अर्थ पालटतो. ज्यांना नाटकात शोभेचे पाहुणे म्हणून आणलं होतं ते अचानक घराचे मालक वाटतात. व्हर्सायला मी जे पाहिलं ते जुन्या पद्धतीचं होतं, अतिशय देखणं होतं, पण या प्रवेशापुरती मी बास्तीयच्या बाजूची आहे. पिसांचे मुकुट घातलेले नर्तक पाहून मला संकोच वाटला.

लयवेल्हाळ

तो क्रम्प मीही पाहिलाय, चित्रफितीत. लयीच्या बाजूने सांगतो, तो बसतो कारण रामोच्या मूळ तुकड्यातच मात्रेवर आघात आहे. ल्युलीच्या पासाकायवर तो बसणार नाही.

काळी_पाच

वाचतोय. 'आर्मीद'च्या स्वगतावर माझं मत तेच आहे, पण पासाकायचा युक्तिवाद मला हलवून गेला. काल रात्री ऐकलं. खर्जाची ओळ धरून ऐकलं तर खरंच वेगळं ऐकू येतं. एक शंका : नायकांचे आवाज इतके उंच का? कास्त्राती (आवाज उंच राहावा म्हणून लहानपणीच खच्ची केलेले गायक) होते का हे?

रानजाई

नाही, फ्रेंचांना नायक म्हणून कास्त्राती नकोच असायचे. तो 'ओत-कोंत्र', उंच पट्टीत सहज फिरणारा पुरुषाचा नैसर्गिक आवाज, आणि पट्टी खाली असल्यामुळे तो शक्य व्हायचा. रामोच्या काळात जेलियोत हा त्यातला राजा. १७४५ मध्ये व्हर्सायला युवराजाच्या लग्नात 'प्लाते' झालं, त्यात दलदलीतल्या कुरूप जलपरीचं काम त्यानेच केलं. ते नाटक तुम्ही अवश्य पाहा. प्लातेची सगळे थट्टा करतात, आणि शेवटी हसणाऱ्यांचाच राग येतो.

नवशिका

मला यातलं काहीच माहीत नाही, पण धागा सलग वाचला. सुरुवात कुठून करू? आणि जूनमध्ये कामासाठी पॅरिसला येतोय, व्हर्सायला तिकीट परवडतं का?

रानजाई

नवशिका, पहिल्यांदा ऐकू नका, पाहा. सुरुवात 'लेझँद गालाँत'च्या त्या चिलमीच्या नाचापासून करा, जुन्या पद्धतीचं आणि क्रम्पचं अशी दोन्ही रूपं पाठोपाठ. मग 'प्लाते'. ल्युली त्यानंतर, आणि त्यातही 'आतिस', संचालक विल्यम क्रिस्टी आणि त्यांची ले-झार फ्लोरिसाँ ही संगीतमंडळी यांनी केलेला. ल्युलीच्या मृत्यूला ३०० वर्षं झाली तेव्हा, १९८७ मध्ये, त्यांनी तो पॅरिसला उभा केला, नाच फ्रान्सीन लाँस्लो यांचा, आणि विस्मरणात गेलेला हा सगळा प्रकार त्यानंतर पुन्हा लोकांत आला. २०११ मध्ये तो परत केला, त्याचं चित्रण मिळतं. उपशीर्षकं लावून, एका दिवशी एकच अंक पाहा.

व्हर्सायचं ऑपेरागृह १७७० मध्ये युवराज आणि मारी आंत्वानेतच्या लग्नासाठी उघडलं, पहिला प्रयोग ल्युलीच्याच 'पेर्से'चा, बराच बदल करून केलेला. आतून सगळं लाकडी आहे, संगमरवरासारखं रंगवलेलं, म्हणून आवाज असा घुमतो. आज जागा साधारण ६५० आहेत. पुढच्या रांगा महाग, वरच्या सज्जातल्या कडेच्या खुर्च्या बऱ्याच स्वस्त मिळतात. तिथून रंगमंचाचा एक कोपरा दिसत नाही, पण नाचाची जमिनीवरची रेघ मात्र वरूनच नीट दिसते. पॅरिसहून आर-ई-आर 'सी' गाडीने या, शेवटच्या स्थानकावर उतरा, पुढे चालत. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, प्रयोग उशिरा संपतात. जूनचा कार्यक्रम लागला की इथेच सांगा, कोणता निवडावा ते मिळून ठरवू.